मूत्राशय, हेही पाहा : मणका

मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी देणाऱ्या युरोलॉजिस्टांना, पाठदुखीचे रुग्ण तपासणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना आणि या दोघांच्या मधे असलेल्या सगळ्यांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

मी निवृत्त ग्रंथपाल. संगणक येण्याआधीची बरीचशी नोकरी तालिकेची कार्डं लिहिण्यात गेली. पुस्तकाचं कार्ड कुणीही लिहू शकतो. कसब लागतं ते 'हेही पाहा' हे कार्ड लिहायला. वाचक 'दुष्काळ'च्या खणात शोधत असतो आणि त्याला हवं ते पुस्तक 'स्थलांतर'च्या खणात पडलेलं असतं. दोन खणांना जोडणारं कार्ड नसेल, तर पुस्तक कपाटात असून नसल्यासारखं.

माझ्या आजारात नेमकं हेच कार्ड कुणी लिहिलं नव्हतं. मूत्राशयात औषध म्हणून सोडलेला बीसीजीचा जंतू माझ्या मणक्यात जाऊन बसला होता. पण मूत्राशय एका विभागात, मणका दुसऱ्या. फायली वेगळ्या, रांगाही वेगळ्या. पाठ दुखायला लागल्यापासून कारण सापडेपर्यंत आठ महिने गेले. त्यातले निम्मे तरी वाचले असते असं मला आज वाटतं. माझ्यासारखा पुढचा रुग्ण तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येणारच आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पत्राचा भलताच अर्थ निघेल. बीसीजीबद्दल माझी तक्रार नाही. माझं मूत्राशय आज माझ्यापाशी आहे ते त्याच्यामुळे. लघवीतून रक्त गेलं तेव्हा दुखलंखुपलं काही नव्हतं. तपासणीत गाठ निघाली, ती दुर्बिणीतून खरवडून काढली, आणि अहवाल आला की गाठ आक्रमक जातीची आहे, अस्तराखालच्या थरात शिरली आहे, स्नायूपर्यंत मात्र पोचलेली नाही. अशा गाठीचा स्वभाव पुन्हा पुन्हा उगवण्याचा, आणि उगवता उगवता एक दिवस स्नायूत घुसण्याचा. पुढे दोनच रस्ते होते : मूत्राशय काढून टाकायचं किंवा त्यात बीसीजी सोडायचं. मी दुसरा धरला. उद्या पुन्हा वेळ आली तरी तोच धरेन. त्यानंतरच्या प्रत्येक दुर्बीण तपासणीत मूत्राशय स्वच्छ निघालं आहे.

घरी 'बीसीजी' हा शब्द उच्चारला तेव्हा सगळ्यांचा हात आपोआप दंडावरच्या व्रणाकडे गेला. क्षय होऊ नये म्हणून तान्ह्या बाळांना टोचतात ती लस कर्करोगावर कशी काय? ग्रंथपालाची खोड जात नाही. मी शोधत बसलो. फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेट आणि कामिय गेरँ या दोघांनी १९०८मध्ये गायीच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. एका थरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असा तो १३ वर्षांत २३० वेळा हलवला. तेवढ्यात जंतूची नांगी झडली आणि १९२१मध्ये तो माणसाला लस म्हणून दिला गेला. १९२९मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनाच्या नोंदी चाळताना दिसलं, की क्षय झालेल्यांमध्ये कर्करोग कमी सापडतो. मग बऱ्याच दशकांनी, १९७६मध्ये, कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिल्याचा अहवाल छापला. आठवड्याला एक असे सहा डोस. सहाच का, तर तेव्हा लस सहा कुप्यांच्या खोक्यात यायची, असं सांगतात. अर्धशतक होत आलं, पहिला हप्ता आजही सहाचाच आहे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. ग्रंथालयातले अर्धे नियमही असेच कपाटाच्या मापावरून ठरलेले असतात.

पण या सगळ्या वाचनात एक शब्द माझ्या नजरेतून निसटला, आणि मला वाटतं तुमच्याही बोलण्यातून तो निसटतो. तो शब्द म्हणजे 'जिवंत'.

नांगी झडलेला जंतू मेलेला नसतो. उलट, उपचार चालतो तो त्याच्या जिवंतपणावरच. मूत्राशयात सोडलेले जंतू आतल्या अस्तराला चिकटतात, पेशींत शिरतात, आणि शरीराचं संरक्षक दल तिथे धाव घेतं; त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशी मारल्या जातात. एका डोसात हे जंतू कोट्यवधी असतात, बाळाच्या लसीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. पन्नास मिलिलिटर पाण्यासारखं औषध, नळीतून आत, दोन तास धरून ठेवायचं आणि मग लघवीला जायचं. यातला 'इम्युनोथेरपी' हा भारदस्त शब्द मला तीन वेळा समजावून सांगितला गेला. जंतू जिवंत आहेत हे कळलं ते संडासातल्या सूचनेवरून : सहा तास लघवी बसूनच करायची, नंतर भांड्यात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी सोडायचं. मी ते इमानेइतबारे केलं. संडासाचं भांडं कसं सांभाळायचं याचा छापील कागद माझ्याकडे अजून आहे. माझं स्वतःचं अंग पुढची काही वर्षं कसं सांभाळायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं, याचा कागद कुणी दिला नव्हता.

एकूण अठरा डोस झाले. पहिले सहा, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात तीन-तीन. जळजळ, वारंवार लघवी, संध्याकाळी कणकण, दुसऱ्या दिवशी ठीक. हे होणार हे सांगितलेलं होतं आणि तसंच झालं. फक्त एकदा, तेराव्या डोसाच्या वेळी, नळी घालताना अडली, जोर लावावा लागला आणि थोडं रक्त आलं. 'एवढं चालतं' म्हणून औषध सोडलं गेलं. त्या वेळचा ताप तीन दिवस राहिला. फोनवर तापाची गोळी आणि लघवीच्या संसर्गासाठी असतं ते ओफ्लॉक्सॅसिन सांगितलं गेलं. ताप गेला, मी विसरलो.

नंतर वाचलं, की नळी घालताना इजा झाली असेल, लघवीत डोळ्यांना दिसेल इतकं रक्त असेल किंवा गाठ खरवडून दोन आठवडेही झाले नसतील, तर बीसीजी पुढे ढकलावं असा दंडक आहे. कारण उघड आहे : फाटलेल्या अस्तरातून जिवंत जंतू थेट रक्तात जातात. आणि ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त टिकला, तर त्याला नेहमीची कणकण समजू नये, तपासणी करावी. माझ्या मणक्यातले जंतू त्याच दिवशी निघाले का? कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. ज्यांच्या बाबतीत असं काहीच घडलं नव्हतं, त्यांच्याही मणक्यात हा संसर्ग झालेला आहे. पण तो दिवस माझ्या कागदपत्रांत कुठेच नाही. 'बीसीजी दिले. त्रास नाही.' एवढीच नोंद आहे.

शेवटच्या डोसानंतर चौदा महिन्यांनी कंबरेच्या वर, मधोमध, दुखायला लागलं.

माझ्या वयाच्या माणसाची पाठ दुखणं ही काही बातमी नाही. एक्स-रे काढला, 'वयोमानानुसार झीज' असं निघालं, पट्टा आणि व्यायाम सांगितला. अस्थिरोगतज्ज्ञांना मी दोष देत नाही; शंभरातल्या नव्याण्णवांना तेच असतं. मात्र माझी पाठ नव्याण्णवांसारखी वागत नव्हती. त्यांची पाठ आडवं झालं की निवते. माझी रात्री जागी व्हायची. कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागे. भूक मंदावली, चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं, आणि दुपारी उगीच थकवा यायचा. ताप म्हणावा असा ताप नव्हता. तिसऱ्या भेटीत मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं; साखर वाढलेली निघाली म्हणून ते राहिलं. आयुष्यात मधुमेहाचे आभार मानायची ती एकच वेळ. जंतू घर करून बसलेल्या मणक्याशेजारी त्याच्याविरुद्धची ताकद कमी करणारं औषध सोडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

या तिन्ही भेटींत मला विचारलं गेलं : पूर्वीचे आजार? मी सांगितलं : मधुमेह, रक्तदाब, मूत्राशयाचा कर्करोग, आता बरा आहे. 'कोणते उपचार घेतले?' हा पुढचा प्रश्न आला नाही. तो आला असता तर मी 'इम्युनोथेरपी' म्हणालो असतो, कारण मला तोच शब्द शिकवला होता. आणि ऐकणाऱ्याला शिरेतून देतात ती नवी महागडी औषधं आठवली असती, जंतू आठवला नसता. म्हणून युरोलॉजिस्टांना पहिली विनंती ही, की रुग्णाला घरी नेता येईल असा शब्द द्या. 'तुमच्या मूत्राशयात क्षयाच्या जंतूचा दुबळा भाऊ जिवंत सोडला आहे' हे वाक्य कुणालाही कळतं आणि कुणीही दुसऱ्या डॉक्टरांना सांगू शकतं.

शेवटी एमआरआय झाला. पाठीच्या दोन मणक्यांत बदल, शेजारी मऊ भागात सूज. अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'मूत्राशयाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास पाहता मेटास्टेसिसची शक्यता प्रथम विचारात घ्यावी.' म्हणजे कर्करोग हाडात पसरला असावा.

पुढचे तीन आठवडे मी एवढंच सांगेन, की घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मुलानं बँकेची कागदं नीट लावून ठेवली. मला न दिसेल अशी.

हा अहवाल ज्यांनी लिहिला त्यांच्या हातात विनंतीचा कागद होता, आणि त्यावर 'पाठदुखी, पूर्वी मूत्राशयाचा कर्करोग' एवढंच लिहिलेलं होतं. 'अठरा वेळा बीसीजी' एवढे तीन शब्द त्यावर असते तर? खरं तर ज्याची गाठ स्नायूपर्यंत कधी पोचली नाही आणि ज्याचं मूत्राशय दर तपासणीत स्वच्छ निघतं, त्याच्या हाडात कर्करोग अचानक उगवणं हीच गोष्ट थोडी खटकायला हवी. मला नंतर एका रेडिओलॉजिस्टांनी सांगितलं, की कर्करोग सहसा मणक्याचं हाड खातो आणि मधली गादी सोडून देतो, तर संसर्ग गादी ओलांडून शेजारच्या मणक्यात जातो. पण क्षयाच्या कुळातले जंतू गादीला बराच काळ हात लावत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला फसगत होते. पेट स्कॅनवरही दोन्ही सारखेच उजळतात. म्हणजे चित्रावरून निवाडा होत नाही, तुकडा काढावाच लागतो. आणि इथे माझ्या गोष्टीतला सगळ्यात चीड आणणारा भाग येतो.

बायोप्सी झाली. सीटी स्कॅनमध्ये पाहत सुई घातली, हाडाचा तुकडा काढला, आणि अख्खाच्या अख्खा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला.

कारण सगळ्यांना कर्करोगच शोधायचा होता. फॉर्मॅलिन पेशींचा आकार जपतं, म्हणून कर्करोग पाहायला ते उत्तम. पण त्यात पडलेला जंतू मरतो. तो मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, वाढत नाही. दहा दिवसांनी अहवाल आला : कर्करोगाच्या पेशी नाहीत, ग्रॅन्युलोमा दिसतात. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं कशाला तरी घातलेला वेढा. आत कोण आहे, ते सांगायला तुकडा उरला नव्हता. जंतू रंगवून पाहायची तपासणी केली, ती निगेटिव्ह. या आजारात मणक्यात जंतू इतके थोडे असतात की ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. छातीचा एक्स-रे स्वच्छ. मग क्षयासाठी रक्ताची ती आधुनिक तपासणी झाली, इग्रा म्हणतात ती. तीही निगेटिव्ह. 'टीबी दिसत नाही' असं कागदावर आलं.

आता माझ्यासारख्या कार्डं लिहिणाऱ्याला जे वाचून कळलं ते तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगतो. इग्रा ही तपासणी क्षयाच्या जंतूच्या ज्या दोन प्रथिनांवर उभी आहे, ती बनवणारा जनुकांचा तुकडा बीसीजीत नाहीच. त्या बटाट्यावरच्या प्रवासात गळून पडला तो हाच. म्हणूनच तर ही तपासणी चांगली : लहानपणी लस टोचलेल्यांत ती खोटी पॉझिटिव्ह येत नाही. पण याचाच अर्थ असा, की बीसीजीनं मणका पोखरला असला तरी ती निगेटिव्हच येणार. माझ्या बाबतीत निगेटिव्ह उत्तराला काही अर्थच नव्हता, आणि त्याच उत्तरानं माझा दीड महिना खाल्ला.

तो महिना संपवला एका निवासी डॉक्टर मुलीनं. उजवा पाय जड पडायला लागला म्हणून मला दाखल केलं होतं. रात्री उशिरा, इतिहास नव्यानं लिहून घेताना, तिनं सहज विचारलं, "काका, मूत्राशयात बीसीजी सोडलं होतं का हो तुमच्या?" मी म्हटलं, हो, अठरा वेळा. तिचं पेन थांबलं. तिनं असा रुग्ण कधी पाहिला नव्हता, कुठेतरी एक वृत्तांत वाचला होता, एवढंच. तिचं नाव इथे लिहिता येत नाही. पण तालिकेचं कार्ड लिहावं तर तिनं.

दुसऱ्यांदा सुई घातली गेली. या वेळी तुकड्याचे भाग केले : एक फॉर्मॅलिनमध्ये, एक ताजा, सलाइनमध्ये, थेट क्षयजंतूंच्या कल्चरला. शेजारच्या गळवातला पूही पाठवला. आणि त्याआधी कुठलंही अँटिबायोटिक दिलं नाही. मधल्या महिन्यांत मला लघवीसाठी दोनदा मिळालेलं ओफ्लॉक्सॅसिन या कुळातल्या जंतूंनाही थोडं लागू पडतं. जंतू मरत नाही, नुसता दबतो आणि कल्चरला हुलकावणी देतो. जनुकीय तपासणीनं दोन दिवसांत सांगितलं की क्षयाच्या कुळातला जंतू आहे. मात्र ती नेहमीची तपासणी कुळ सांगते, नाव सांगत नाही : साधा क्षय, गायीचा क्षय, बीसीजी, सगळ्यांना ती एकच आडनाव देते. नेहमीची चार औषधं सुरू झाली. कल्चर सहाव्या आठवड्यात वाढलं आणि वेगळी चाचणी करून त्याचं नाव कळलं. बीसीजी.

'औषधं तर तीच, मग नावाची उठाठेव कशाला?' असं मला एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं. औषधं तीच नाहीत. चारांपैकी पायराझिनामाइड हे औषध बीसीजीवर आणि गायीच्या क्षयजंतूवर मुळातच चालत नाही, हा त्यांचा जन्मजात गुण आहे. म्हणजे ते सहा आठवडे मी यकृताला त्रास देणारं एक औषध निष्कारण गिळत होतो, आणि चार औषधं चालू आहेत असं कागद सांगत असताना प्रत्यक्षात तीनच लढत होती : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. जिथे साधा क्षय सर्रास आढळतो, तिथे 'टीबीच असणार' म्हणून नाव न शोधताच उपचार पुरा होण्याची शक्यता जास्त. मग असे रुग्ण मोजले तरी कसे जाणार? आज ही गुंतागुंत तुरळक वृत्तांतांत सापडते. बीसीजी घेणाऱ्यांपैकी शंभरात पाचांहूनही कमी जणांत जंतू मूत्राशयाबाहेर पसरून गंभीर आजार होतो, आणि मणका त्यातलाही छोटा हिस्सा. दुर्मिळ आहेच. पण नाव न विचारल्यामुळे ती आहे त्याहून दुर्मिळ दिसत असणार, हा माझा संशय.

मूत्राशयातला जंतू मणक्यात जातो कसा, हे मला शेवटपर्यंत कोडं होतं. ऑस्कर बॅटसन नावाच्या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञानं १९४०मध्ये दाखवून दिलं, की ओटीपोटातल्या शिरा कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात आणि त्या जाळ्यात झडपा नसतात. खोकलं, शिंकलं, कुंथलं की रक्त उलटंही वाहू शकतं. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात का जातो, याचं उत्तर त्यानं त्यातून दिलं. जंतू याच वाटेनं जातात की धमन्यांतून, यावर एकमत नाही. मला एवढंच दिसतं, की ज्या दोन अवयवांच्या फायली तुम्ही वेगळ्या मजल्यांवर ठेवल्या आहेत, त्यांच्यामधे शरीरानं दार उघडंच ठेवलंय.

उपचारांबद्दल फार लिहीत नाही. बारा महिने औषधं, पाच महिने पट्टा. शस्त्रक्रिया टळली, कारण पायातली ताकद परत आली. मज्जारज्जूवर दाब वाढला असता तर टळली नसती. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९मध्ये पाठीला पोक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून मणक्याच्या क्षयाला त्यांचं नाव पडलं. पाय जड झालेल्या त्या रात्री मी त्या वाटेवर कुठवर आलो होतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रिफॅम्पिसिननं इतर औषधांचा जोर घटतो, म्हणून मधुमेहाची आणि रक्त पातळ ठेवायची औषधं नव्यानं बसवावी लागली. इथॅम्ब्युटॉलसाठी डोळे तपासत राहिलो. पोटाचा स्कॅन करून महाधमनीही पाहिली, कारण हा जंतू मणक्याशेजारच्या त्या धमनीलाही क्वचित पोखरतो. हे काम मणका सापडल्यावर विसरू नये. आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुणाला सांगावीशी वाटली नाही : रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते. तीन वर्षं ज्याला 'लघवी लाल दिसली की लगेच या' असं शिकवलं, त्याला पहिल्या सकाळी काय वाटलं असेल? मी बाथरूममध्ये भिंत धरून उभा राहिलो होतो. एका वाक्याचं काम होतं.

आता मागणं. अस्थिरोगतज्ज्ञहो, मूत्राशयाचा कर्करोग असं ऐकलं की 'बीसीजी?' हा एक शब्द विचारा. शेवटचा डोस किती दिवसांपूर्वी झाला यावर जाऊ नका. हे दुखणं काही महिन्यांनी येतं, तसं वर्षांनीही येतं. रात्री जागवणारी पाठ, घटणारं वजन, रक्तात चढलेला ईएसआर आणि सीआरपी (शरीरात कुठेतरी दाह असल्याच्या खुणा) असेल, तर इंजेक्शनाआधी एमआरआय करा. सुई घालणाऱ्यांनो, एक तुकडा फॉर्मॅलिनबाहेर ठेवा, कर्करोगाची कितीही खात्री असली तरी. प्रयोगशाळांनो, विनंतीच्या कागदावर बीसीजी दिसलं तर कुळावर थांबू नका, नाव कळवा. आणि इग्रा निगेटिव्ह आली तर अशा रुग्णात तिचा उपयोग नाही, ही ओळ खाली छापा. 'संबंधित डॉक्टरांनी ताळा घ्यावा' असं तुम्ही सगळ्याच अहवालांखाली छापता. त्या जागी बसेल.

युरोलॉजिस्टांनो, तुमच्याकडे सगळ्यात जास्त मागतो, कारण गोष्ट तुमच्यापासून सुरू होते. तुम्ही म्हणाल, इतक्या दुर्मिळ गोष्टीनं रुग्णाला घाबरवलं तर तो बीसीजीच नाकारेल आणि कर्करोगानं जाईल. ही भीती खोटी नाही. मलाही पहिल्या दिवशी मणक्याचं सांगितलं असतं तर मी दचकलो असतो. म्हणून पहिल्या दिवशी सांगू नका. शेवटचा डोस झाल्यावर सांगा, जेव्हा नाकारण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि लक्ष ठेवण्यासारखं सगळं पुढे असतं. नळी घालताना रक्त आलं तर ते लिहा आणि त्या दिवशी औषध परत ठेवा. दुर्बीण तपासणीच्या प्रत्येक खेपेला, मूत्राशयाबद्दल विचारून झालं, की पाठीबद्दल विचारा. अर्धा मिनिट. मी त्या काळात दोनदा तपासणीला आलो होतो, पाठीला पट्टा बांधून. टेबलावर चढताना तो काढून खुर्चीवर ठेवला, उतरल्यावर पुन्हा बांधला. कुणी विचारलं नाही, आणि पाठीचं दुखणं मूत्राशयाच्या डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून मीही बोललो नाही.

जुन्या नोकरीतली काही कोरी कार्डं अजून माझ्याकडे आहेत, तीन इंच बाय पाच इंच, खाली भोक असलेली. त्यातल्या एकावर मी लिहिलं आहे :

'मूत्राशय — जिवंत बीसीजी, १८ डोस. तेराव्या डोसाला रक्त, तीन दिवस ताप. हेही पाहा : मणका, महाधमनी, न उतरणारा ताप, घटणारं वजन. तुकडा काढल्यास एक भाग फॉर्मॅलिनबाहेर. पायराझिनामाइड चालत नाही.'

पुढच्या महिन्यात माझी दुर्बीण तपासणी आहे. तेव्हा हे कार्ड फायलीच्या मुखपृष्ठावर लावून मागणार आहे. टाचणी मी घेऊन येईन.

आपला,
मूत्राशय आणि मणका दोन्ही शाबूत असलेला एक रुग्ण